परतवाड्यातला मुका खेळ

पार्बताबाईला बोलपटाचं नाव कधी लक्षात राहत नसे. नटनट्यांची नावं तर तिला ठाऊकच नव्हती. 'विहिरीत उडी टाकते थे', 'दोन भाऊ तुटतात थे', 'राणीचं' अशी तिची स्वतःची नावं होती आणि तिचं त्यावर भागत असे. सगळे मिळून तिनं आयुष्यात सहा-सात बोलपट पाहिले असतील. पण प्रत्येकाबद्दल तिचं मत होतं, आणि ते कोणी न विचारताही ती सांगत असे.

अमरावतीजवळच्या राहटगावात तिचा मळा होता. नवरा शेषराव मोट हाकायचा, वाफे सांभाळायचा, आणि दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर पुष्कळ. उरलेलं सगळं बोलणं पार्बताबाईच्या वाट्याला आलं होतं. पहाटे फुलं तोडून, डोक्यावर पाटी घेऊन ती अमरावतीला यायची. अंबादेवीकडे जाणाऱ्या वाटेवर आठ-दहा घरी तिचा देवपूजेच्या फुलांचा रतीब होता. त्यांतलं शेवटचं घर मोरोपंत वकिलांचं. तिथं पाटी रिकामी झालेली असे आणि ऊनही चढलेलं नसे, म्हणून मागच्या ओसरीवर टेकून ती वकिलांच्या बायकोशी, कुंदाताईंशी, दोन गोष्टी बोले.

कुंदाताई पुण्याकडच्या. लग्न होऊन वऱ्हाडात आल्या तेव्हा पार्बताबाईचं बोलणं ऐकून ही बाई आपल्यावर रागावली आहे की काय, असंच त्यांना महिनाभर वाटत होतं. पुढं कळलं, की ती रागावली की गप्प होते. कुंदाताईंना गाण्याची फार आवड होती. वकिलांना बोलपटांचा कंटाळा. आणि वकिलाच्या बायकोनं एकटीनं थेटरात जावं, ही गोष्ट त्या काळच्या अमरावतीत होण्यासारखी नव्हती. म्हणून शनिवारी दुपारी बायकांचा खेळ असला, की सोबतीला पार्बताबाई जाऊ लागली.

राणीचं चित्र त्या दोघींनी असं तीनदा पाहिलं.

गोष्ट म्हटली तर साधी होती. एका डोंगरी किल्ल्याचा राजा दग्याफटक्यानं शत्रूच्या सुभेदाराच्या हाती सापडतो. राणी किल्ला लढवते. शेवटी ती गाणारणीचा वेष घेऊन सुभेदाराच्या छावणीत शिरते, गाऊन सगळी छावणी डोलायला लावते आणि राजाला सोडवून आणते. पण भरजरी पोशाख, झुंबरं, हत्तीची अंबारी, घोड्यांच्या टापा आणि अधूनमधून राणीचं गाणं! पहिल्या दिवशी परत येताना पार्बताबाई टांग्यात एक शब्द बोलली नाही. कुंदाताईंना वाटलं, हिला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी उतरवायच्या आधीच ती सुरू झाली.

"कुंदाताई, राणीच्या केसात मोगरा पायला का तुमी? अन् भवताल सारे दसऱ्याचं सोनं लुटून राहिले होते. दसऱ्याले कुठं आला मोगरा?"

"कागदाचा असेल हो."

"असंन. पन मंग कारागीर भल्ला म्हना! मी जल्माची माळीण, मले पन फसवलं त्यानं. मले तं थेटरात वास आल्यावानी झालं."

मग लढाई. लढाईत माणसं पन्नासच होती आणि तीच पुन्हापुन्हा येत होती, हे तिनं बरोबर ओळखलं होतं. एक पांढरा घोडा मागच्या पायानं लंगडत चारदा गेला, तेही पाहिलं होतं. "पन राजा त्याच्यावर बसला असा, का घोडा लंगडा हाय हे मले तिसऱ्या डावाले समजलं. पयल्या दोन डावाले मी राजालेच पायत होती."

"आणि गाणी?" कुंदाताईंनी विचारलं. त्यांना तेच ऐकायचं होतं.

पाटीतली उरलेली तुळस निवडत ती म्हणाली, "शत्रू दारात अन् राणी झुल्यावर गाते, हे काई खरं नाई. पन ताई, तिनं गायलं नसतं तं तिच्या मनात काय हाय हे मले कसं समजलं असतं? तिच्याजवळ कोन होतं सांगाले?"

ओसरीच्या दारात मोरोपंत उभे होते. त्यांनी इतिहासाची पुष्कळ पुस्तकं वाचली होती. ते हसून म्हणाले, "पार्बताबाई, असली राणी, असला सुभेदार, इतिहासात कुठं नाही बरं का. आणि त्या काळी किल्ल्यांवर झुंबरं तर मुळीच नव्हती."

"नसतीन, वकीलसाहेब. तुमी वाचलं हाय. मी तं नुसतं पाहून आली."

वकिलांनी कोट अंगात चढवला. ते कोर्टात गेले.

ही दिवाळीच्या आधीची गोष्ट.

पौषात पार्बताबाईवर मोठा घाला पडला. तिची लेक शकुन परतवाड्याला दिली होती. जावई सूर्यभान भाजीपाल्याचा मळा करायचा, चांगला कष्टाळू माणूस. शकुनचं पहिलं लेकरू, सात महिन्यांचा मुलगा, दोन दिवसांच्या तापात गेला. पार्बताबाई धावत गेली, तेरा दिवस राहिली आणि परत आली. फुलांचा रतीब पुन्हा सुरू झाला, पण ओसरीवरच्या गप्पा आटल्या. लेकरू गेल्याचं दुःख होतंच. त्याहून तिला एक गोष्ट खात होती. शकुन रडलीच नव्हती. नेलं तेव्हा नाही, तेराव्याला नाही, आईच्या गळ्यात पडल्यावरही नाही. नुसती भिंतीकडे पाहत बसायची.

वैशाखात सूर्यभानचा निरोप आला, की मामी, चार दिवस येऊन जा, शकुन घरात कोनासंगच बोलत नाई.

पार्बताबाई सर्व्हिस मोटारीनं परतवाड्याला गेली. मोटार गावात शिरली की आधी सागवानाचा वास येई. मेळघाटातून आलेल्या लाकडांचे ढीग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पडलेले असत. सूर्यभानचं घर गावाच्या कडेला, मळ्याला लागून होतं. दारात विहीण कौशल्याबाई उभी होती. कौशल्याबाईची जीभ तिखट म्हणून साऱ्या आळीत प्रसिद्ध होती. पण त्या दिवशी तिनं पार्बताबाईच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि हळूच म्हणाली, "ईनबाई, मी काई बोलली नाई बरं तिले. देवाशपथ नाई बोलली."

"मले ठाऊक हाय," पार्बताबाई म्हणाली.

शकुन काम सगळं करत होती. मेथीच्या जुड्या बांधायची, भाकरी थापायची, सासूच्या पायाला तेल लावायची. विचारलं तर "हो", "नाई" इतकंच. तीन दिवस पार्बताबाईनं तिच्याशी राहटगावच्या, मळ्याच्या, शेजारणींच्या गोष्टी केल्या. त्या जशा काही विहिरीत पडत होत्या, आणि खालून आवाजही येत नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी रस्त्यावर डफ वाजला. एका छकड्यावर दोन्ही बाजूंनी रंगवलेले फलक उभे केले होते. फलकावर हातात तलवार घेतलेली राणी. पार्बताबाई भाजी धुता धुता उठली आणि ओल्या हातांनी रस्त्यावर गेली.

"हे तं माही राणी हाय!"

फिरता बोलपट आला होता. कापसाचा हंगाम संपून जिनिंग बंद झालं होतं, तेव्हा त्याच्या रिकाम्या गुदामात खेळ होणार होते. आज बाजाराचा दिवस, म्हणून खेड्यांतल्या लोकांना दिवस असता घरी पोचता यावं यासाठी एक खेळ भर दुपारी ठेवला होता.

पार्बताबाईच्या मनानं घेतलं, की शकुनला न्यायचं. तिला आठवत होता राणीचा झुला, हत्ती, राजाची सुटका. कौशल्याबाई म्हणाली, "लेकरू जाऊन पाच महिने नाई झाले अन् सून तमाशे पाहाले चालली? लोक काय म्हनतीन?"

"तमाशा नोय थो, ईनबाई. देवळात गेल्यावानी वाटते मानसाले."

सूर्यभान बैलांना पेंड घालत होता. तो वळून म्हणाला, "जाऊ दे माय. तू बी जाय संगं."

मग तिघी गेल्या. शकुन आईनं सांगितलं म्हणून उठली आणि आईनं सांगितलं म्हणून चालू लागली.

गुदामाच्या दारांना तरटं लावून अंधार केला होता. वर पत्रे तापलेले, आत सरकीचा वास, आणि माणूस माणसाला चिकटून बसलेलं. मधोमध दोरी बांधली होती. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला गडी. मागं यंत्र, आणि बाहेर इंजिन धडधडत होतं. खेळवाला ओमप्रकाश नावाचा नागपूरकडचा मनुष्य होता. टोपी काढून घाम पुसत तो दारात उभा होता. यंत्र चालवायला चंद्रभान नावाचा जाडजूड मनुष्य.

चित्र सुरू झालं. पहिल्या भागात राणी झुल्यावर गायली. पार्बताबाईनं शकुनच्या मांडीवर हात ठेवला होता आणि गाण्याच्या ठेक्यावर तिची बोटं हलत होती. पहिलं रीळ संपलं, दुसरं लावलं. राजा निरोप घ्यायला आला, त्यानं तोंड उघडलं, आणि यंत्रातून कर्रकन आवाज होऊन सगळं शांत झालं.

चित्र चालूच होतं. राजा बोलत होता, राणी उत्तर देत होती, पण ऐकू काहीच येत नव्हतं.

"आवाज! आवाज!" गड्यांच्या बाजूनं ओरडा झाला. चंद्रभाननं यंत्र थांबवलं, उघडलं आणि डोक्याला हात लावला. आवाजासाठी यंत्रात एक लहानसा दिवा असतो, तो उडाला होता. जवळचा दुसरा दिवाही प्रवासात फुटलेला निघाला. ओमप्रकाश पुढं आला आणि हात जोडून म्हणाला, "भाईयो, बत्ती अमरावती से मँगवानी पड़ेगी. कल आवाज़ के साथ दिखाएँगे. आज तस्वीर देख लो."

लोक चिडले. कोणी मेळघाटाच्या पायथ्याच्या गावाहून आलं होतं, त्याला उद्या कुठलं यायला जमणार? "दाखव मंग, जसं असंन तसं दाखव!" अशी आरोळी उठली. चंद्रभाननं यंत्र पुन्हा सुरू केलं.

आणि हसण्याला ऊत आला. राणी किल्ल्याच्या बुरुजावर उभी राहून गात होती, पण आवाज नसल्यामुळं नुसती तोंड उघडत-मिटत होती. "म्हैस रवंथ करून राहिली!" एकजण ओरडला. "राणीसाहेब, सुपारी अडकली का?" दुसरा म्हणाला. बायाही पदरात हसू लागल्या. कौशल्याबाईसुद्धा हसली.

पार्बताबाईला ते सोसेना. अमरावतीच्या थेटरात त्या जागी एक माणूस हललेलं तिनं पाहिलं नव्हतं. त्या राणीची अशी थट्टा! ती ताडकन उठली.

"काहून हासता रे? थे गानं म्हनून राहिली!"

"काय म्हनते थे? आमाले तं काई ऐकू येत नाई!"

"मी सांगतो काय म्हनते थे!"

आणि अंधारात, दीड-दोनशे लोकांत, पार्बताबाईनं सूर धरला. आवाज काही गोड नव्हता. मळ्यात या टोकाहून त्या टोकाला हाक मारून कमावलेला तो आवाज होता. पण शब्द पक्के होते आणि चाल पक्की होती.

"सांग वाऱ्या, सांग माझ्या दूरच्या राजाला,
बुरुजावरती दीप अजून तेवत ठेवला…"

पहिल्या ओळीला दोघेचौघे हसले. दुसऱ्या ओळीला कोणी हसलं नाही. पडद्यावर राणीचे ओठ हलत होते आणि तेच शब्द इकडून येत होते. दोन-तीन ठिकाणी मागंपुढं झालं, तर पार्बताबाई थांबून राणीला गाठून घ्यायची.

गाणं संपल्यावर सुभेदार आला. "हा कोन?" मागून प्रश्न आला.

"हा सुभेदार. लय बदमाश मानूस. पन बोलते कसा पाहा, साखरेवानी! राजाले म्हनते, तुमी या, जेवाले बसू, भाऊ-भाऊ होऊ. अन् तिकडं पडद्यामांगं त्याचे शिपाई लपले हायेत. थे पाहा, पडदा हालला!"

सगळं गुदाम पडद्याकडे पाहू लागलं. आता पार्बताबाई पुढं जाऊन उभी राहिली होती, बाजूच्या खांबाला टेकून. राजाचं बोलणं ती जाड आवाजात सांगे, राणीचं साध्या आवाजात. जे आठवत नव्हतं ते जुळवून सांगे. मधेच स्वतःचं मतही घालून देई. "आता पाहा, हे लढाई होईन. मानसं थोडीच हायेत, पन तुमी मोजू नका. तलवार कशी फिरवते थे पाहा." लढाईत तर गडीमाणसंच ओरडत होती. एक म्हातारा उठून उभा राहिला आणि राजाला म्हणाला, "मांगून आला, मांगून!" ओमप्रकाश टोपी हातात धरून पार्बताबाईकडे पाहत राहिला होता.

तिसरं रीळ संपलं. चंद्रभान चौथं लावत होता. पार्बताबाई कोणीतरी दिलेलं पाणी प्यायली आणि पुढं काय येतं ते ती मनात आठवू लागली. किल्ल्याला वेढा पडतो, धान्य संपतं, गडावर तापाची साथ येते, आणि मग…

तिच्या हातातला पाण्याचा गडवा तसाच राहिला.

मग पाळणा. राणीचा लहानगा राजपुत्र त्या तापात जातो, आणि राणी रिकाम्या पाळण्याजवळ बसून अंगाई गाते. गेल्या दिवाळीआधी हे चित्र पाहिलं तेव्हा तिचा नातू शकुनच्या घरी हसत-खेळत होता. तेव्हा तो पाळणा पाहून तिनं डोळे पुसले होते आणि घरी जाईपर्यंत विसरूनही गेली होती. लेकीला इथं आणताना तिला हत्ती आठवला, झुला आठवला. हे आठवलंच नाही. आता खेळ थांबवावा म्हटलं तर कोण ऐकणार? शकुन अंधारात बायांच्या मधे बसलेली. तिला उठवून नेईपर्यंत चित्र सुरू झालंही.

पडद्यावर वेढा आला. पार्बताबाई सांगत होती, पण तिचं लक्ष सांगण्यात नव्हतं. वैद्य आला, मान हलवून गेला. राणी बाळाच्या अंगावर वाकली. आणि मग पाळणा दिसला. रिकामा. राणीनं दोरी हातात धरली.

लोक पार्बताबाईच्या बोलण्याची वाट पाहत होते.

तेवढ्यात तिच्या मनात आलं, की आवाज तर नाही. मी म्हणेन तेच खरं. कोणाला काय कळणार?

"राजपुत्राले," ती म्हणाली, "राजपुत्राले तिनं मामाच्या गावाले धाडलं. गडावर साथ हाय ना, म्हनून. चोरवाटेनं धाडलं. थो सुखात हाय तिकडं. अन् आता तिले त्याची आठवन येते, म्हनून थे…"

"नाई, माय."

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. शकुन उठून उभी राहिली होती. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता.

"तिचं लेकरू गेलं, माय. मामाच्या गावाले धाडलं असतं तं तिनं दोरी अशी धरली नसती. तू खरं सांग. थे काय म्हनते?"

पडद्यावर राणी गात होती, दोरी हळूहळू ओढत होती. मग पार्बताबाईनं डोळे मिटून अंगाई धरली. सूर फाटला. तिनं तो पुन्हा सावरला.

"नीज माझ्या राजसा, गडावर दाटे रात,
रिकाम्या या पाळण्याला सांग कुणाचा हात…"

दुसरं कडवं संपायच्या आधी शकुन खाली बसली आणि रडू लागली. हुंदके देऊन, पोटातून, पाच महिन्यांचं सगळं. कौशल्याबाईनं तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आजूबाजूच्या बायाही रडत होत्या. कोण स्वतःच्या कशासाठी, कोण राणीसाठी, हे सांगणं अवघड होतं. पार्बताबाई धावत लेकीकडे येऊ लागली, तेव्हा शकुननं मान वर केली आणि रडतारडताच म्हणाली, "तू सांग पुढचं. लोक थांबले हायेत."

मग पार्बताबाईनं राजाला सोडवून आणलं. राणीची गाणारणीच्या वेषातली दोन्ही गाणी म्हटली, पहारेकऱ्यांना झोपवलं, सुभेदाराला पाडलं, आणि शेवटी हत्तीवरून राजा-राणी किल्ल्यात आली तेव्हा तिचा घसा पार बसला होता.

तरटं वर केली. लोक डोळे चोळत उन्हात आले. ओमप्रकाश पुढं येऊन तिच्या पाया पडला. "अम्मा, हमारे साथ चलो. अंजनगाव, दर्यापूर, अकोला, जिथं म्हणाल तिथं नेतो. आवाज गया तो भी डर नहीं."

"अन् माह्या मळ्यातली फुलं कोन तोडीन?" पार्बताबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुमी दिवा आना, भाऊ. दोन आनून ठेवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी अमरावतीहून दिवा आला. कालच्या लोकांना ओमप्रकाशनं पुन्हा आत सोडलं. पार्बताबाई जायची नव्हती, पण शकुन स्वतः म्हणाली, "मले तिचा आवाज ऐकाचा हाय." त्या दिवशी तिघींच्या सोबत सूर्यभानही आला आणि दोरीच्या पलीकडं बसला.

बाहेर पडताना कालचा तो म्हातारा पार्बताबाईला म्हणाला, "बाई, तुहं कालचंच बरं होतं."

पार्बताबाईला त्याचा राग आला. "बाबा, कान हायेत का नाई तुमाले? काल तुमी मले ऐकलं. माही मळ्यातली हाक थे! आज राणीले ऐकलं. तिनं 'राजसा' म्हनलं तं कसं म्हनलं! जिथं माहा श्वास संपते तिथून तिचा सुरू होते. असं गानं मानसानं गायलं, अन् थे एका डब्यात भरून परतवाड्यापर्यंत आलं. कायचं बरं कालचं?"

म्हातारा हसत निघून गेला.

संध्याकाळी अंगणात चौघं बसली होती. सूर्यभाननं पहिलं कलिंगड कापलं होतं. शकुन बोलत होती. फार नाही, पण आपण होऊन बोलत होती. राणीचा शालू कसा होता, छावणीतल्या गाण्यात तिनं मान कशी वळवली.

"राणी लय चांगली हाय, माय," ती म्हणाली. "पन एक गोष्ट तिले समजली नाई."

"कोनती वं?"

"लेकराचं झबलं तिच्या हाती येते. थे तिनं तसंच घडी घालून ठेवून देल्लं. असं कोनी ठेवत नाई. झबलं हाती आलं तं आधी वास घेते मानूस."

सूर्यभान हातातल्या फोडीकडे पाहत राहिला. कौशल्याबाई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि घरात गेली. आतून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक लहानसं गाठोडं होतं. पौषात शकुनच्या नजरेस पडू नये म्हणून तिनं ते दडवून ठेवलं होतं, आणि शेजारणींना जाळून टाकलं म्हणून सांगितलं होतं.

तिनं ते शकुनच्या मांडीवर ठेवलं. "मी नाई जाळले, बाई. माह्यानं नाई झालं."

शकुननं गाठ सोडली. वरचं पिवळं झबलं उचलून तोंडाशी धरलं. मग सासूचा हात धरून तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

पार्बताबाई आणखी पाच दिवस राहिली. निघाली त्या सकाळी शकुन तिला मोटारीपर्यंत पोचवायला आली. वाटेत दोघींचा वाद चालला होता. सुभेदार वाईट होता तरी त्याच्या डोक्यावरचा मंदील राजापेक्षा चांगला होता, असं शकुनचं म्हणणं. आणि वाईट माणसाला चांगला मंदील देणं ही त्या चित्रवाल्यांची चूक झाली, असं पार्बताबाईचं. सूर्यभान गाठोडं घेऊन मागून चालला होता. त्यानं या वादात पडायचं नाही असं ठरवलं होतं.

मोटार सुरू झाल्यावर शकुन खिडकीशी आली.

"आखाडीच्या सणाले मी येतो राहटगावले. तवा कोनतं चित्र असलं तं जाऊ. कुंदाताईलेबी घेऊ."

"लढाईचं पाहू," पार्बताबाई म्हणाली.

"गानी पायजेत पन त्यात."

"गान्याबिगर कायची लढाई वं!"

मोटार हलली. पार्बताबाईनं पदर डोक्यावर ओढून घेतला, शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडे वळली आणि तिनं विचारलं, "तुमी राणीचं चित्र पायलं का?"